पिन कोड गावाचा नसतो, पोस्टाचा असतो

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ नावाचा दहा अक्षरांचा नवा पत्ता-क्रमांक जाहीर केला. तेव्हापासून गावागावात तेच प्रश्न ऐकू येतात. जुना सहा अंकी पिन बंद होणार का? आधार कार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक पुन्हा बदलून आणावं लागेल का? आणि आधी ज्याचं उत्तर कोणी नीट दिलं नाही तो प्रश्न : आमच्या गावाचा पिन शेजारच्या गावाचाच कसा, आणि जिल्हा एक असताना पिन दुसऱ्या जिल्ह्यासारखा का दिसतो?

हे सगळे प्रश्न एकाच गैरसमजातून येतात. पिन कोड आपल्या गावाचा क्रमांक आहे असं आपण धरून चालतो. खरं म्हणजे तो आपलं टपाल ज्या पोस्टातून वाटलं जातं त्या पोस्टाचा क्रमांक आहे. एवढं लक्षात आलं की बाकीचा बराचसा गुंता सुटतो. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

## अर्ध्या आण्यात कुठेही

इंग्रजांच्या आधीही निरोप जात होते. मराठ्यांचे जासूद होते, मोगलांची डाकचौकी होती. पण ती व्यवस्था राज्यकारभारासाठी होती, सामान्य शेतकऱ्याच्या पत्रासाठी नव्हती. कंपनी सरकारने टपाल लोकांना खुलं केलं तेव्हा दर अंतरावर ठरायचा. पत्र जितकं लांब, तितके पैसे जास्त.

१ ऑक्टोबर १८५४ पासून हे बदललं. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. पैसे आधीच भरायचे आणि त्याची खूण म्हणून तिकीट लावायचं. त्या वेळी कंपनीच्या मुलखात जेमतेम सातशे पोस्टं होती. आपल्या विदर्भाच्या दृष्टीने हा काळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभारात दिलं आणि १८५४ मध्ये भोसल्यांचं नागपूर राज्य खालसा झालं. म्हणजे आजचा विदर्भ इंग्रजी अमलाखाली आला आणि देशाला एकसारखं टपाल मिळालं, या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकदमच घडल्या.

पुढची मोठी उडी रेल्वेची. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. ती आली कापसासाठी, पण टपालाच्या थैल्याही तिच्यातूनच येऊ लागल्या. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आलं, १८८० मध्ये मनीऑर्डर, १८८२ मध्ये पोस्टाचं बचत खातं. खेड्याला पोस्टाची सवय लागली ती या तीन गोष्टींमुळे. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलाचे पैसे घरी पोहोचवणारी दुसरी कोणती व्यवस्था होती?

तरीही पोस्ट बहुतांशी शहरात आणि तालुक्यालाच राहिलं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे तेवीस हजार पोस्टं होती. आज ती दीड लाखाहून अधिक आहेत आणि दहापैकी नऊ खेड्यांत आहेत. हे जाळं सरकारी इमारती बांधून उभं राहिलं नाही. गावातल्याच कोणाला, बऱ्याचदा शाळामास्तरला किंवा दुकानदाराला, थोड्या मानधनावर पोस्टाचं काम दिलं गेलं. त्याच्याच ओसरीवर टपालाची थैली उघडायची. आजचे ‘ग्रामीण डाक सेवक’ याच परंपरेतले.

## नागपूरच्या मध्यरात्री

१९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी टपालाची विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं परत आपापल्या ठिकाणी. देशाच्या मध्यावर असल्याचा नागपूरला इतका थेट उपयोग फार थोड्या वेळा झाला असेल.

म्हणजे मद्रासचं पत्र एका रात्रीत दिल्लीला पोहोचू लागलं. वाहतुकीचा वेग वाढला, आणि खरी अडचण दुसरीकडेच आहे हे अधिक ठळक झालं. पत्र अडकत होतं ते छाननीच्या टेबलावर. ‘छाननी’ म्हणजे आलेली पत्रं पत्ता वाचून त्या त्या दिशेच्या खणात टाकणं.

वाचणारा माणूस होता आणि पत्ते हाताने लिहिलेले होते, कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी बंगालीत, कोणी तमिळमध्ये. त्यात नावांचा घोळ. वरूड म्हटलं की आपल्याला संत्र्याचं वरूड आठवतं, पण त्या नावाची लहान गावं इतरत्रही आहेत. पिंपळगाव, बोरगाव, वडगाव, नवेगाव यांची तर गणतीच नको. तालुका लिहायचा राहिला की पत्र दोन-तीन गावं फिरून यायचं. छाननी करणाऱ्याला शेकडो पोस्टांची नावं, त्यांचे तालुके आणि रेल्वेमार्ग तोंडपाठ असावे लागायचे. असे कसलेले लोक होते आणि त्यांच्या स्मरणशक्तीवर देशाचं टपाल चालत होतं, हे आदराने नोंदवायला हवं. पण टपाल वाढत गेलं तसा सगळा भार स्मरणशक्तीवर ठेवणं शक्य राहिलं नाही.

## एका संस्कृत कवीने बसवलेला क्रम

यावर उपाय काढला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते कोकणातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. त्यांच्या आखणीतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, पिन कोड सुरू झाला. ‘पिन’ हे पोस्टल इंडेक्स नंबरचं लघुरूप आहे.

कल्पना अशी की पत्ता कोणत्याही भाषेत असो, सहा अंक सगळ्यांना वाचता येतात. आणि ते अंक डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की पत्र मोठ्या मुलखातून लहान भागाकडे सरकत जातं.

पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४. पहिले दोन अंक मिळून त्यातला उपविभाग. आपल्याकडे हे दोन अंक ४४, आणि ढोबळमानाने ४४ म्हणजे विदर्भ. पहिल्या तीन अंकांवरून छाननीचा जिल्हा कळतो : ४४० नागपूर शहर, ४४१ नागपूरचा ग्रामीण भाग, भंडारा, गोंदिया, ४४२ वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, ४४३ बुलडाणा, ४४४ अकोला, अमरावती, वाशीम, ४४५ यवतमाळ. शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या पोस्टाचे.

एक उदाहरण घ्या, ४४२७१०. पंजाबातल्या छाननी कामगाराला भामरागड कुठे आहे हे माहीत असायची गरज नाही. त्याने फक्त ४ पाहायचा आणि पत्र आपल्या बाजूला लावायचं. इथे आल्यावर कोणी ४४ पाहील, कोणी ४४२. शेवटचे ७१० ज्यांनी वाचायचे ते लोक भामरागडला जाणाऱ्या रस्त्यावरचेच असतात. प्रत्येकाने आपल्यापुरतं वाचायचं. एवढी साधी रचना पन्नासहून अधिक वर्षं टिकली, ती याचमुळे.

मोठ्या शहरांत आधीपासून विभाग क्रमांक होते, त्यांनाही वेलणकरांनी मोडलं नाही. ‘मुंबई २८’ चं ४०००२८ झालं, लोकांना फारसं काही नवं शिकावं लागलं नाही. आणि ९ हा अंक सैन्याच्या टपालासाठी राखला. ज्या घरातला मुलगा फौजेत आहे त्या घराला ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) हा पत्ता ओळखीचा आहे. तुकडी कुठे तैनात आहे हे पत्त्यात उघड होत नाही, तरी पत्र पोहोचतं.

## मग जिल्हा आणि पिन जुळत का नाहीत?

कारण ‘छाननीचा जिल्हा’ आणि महसुली जिल्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक टपालाच्या सोयीने आखला, दुसरा कारभाराच्या सोयीने.

खामगाव (४४४३०३) आणि शेगाव (४४४२०३) बुलडाणा जिल्ह्यात आहेत, पण त्यांचे अंक अकोल्याच्या बाजूचे, ४४४ चे. ब्रह्मपुरी (४४१२०६) चंद्रपूर जिल्ह्यात, तरी सुरुवात ४४१. देसाईगंज वडसा (४४१२०७) गडचिरोली जिल्ह्यात, तरीही ४४१. या लोकांना ऑनलाइन अर्ज भरताना फार त्रास होतो. पिन टाकला की काही संकेतस्थळं जिल्हा आपोआप भरतात, आणि तो भलताच निघाला तर बदलू देत नाहीत. यात चूक पिनची नाही. पोस्टाच्या क्रमांकावरून महसुली जिल्हा ओळखण्याचा हट्ट अर्ज बनवणाऱ्याने धरलेला असतो. अशा वेळी पिन खरा तोच लिहावा, जिल्हा जुळवण्यासाठी दुसऱ्या गावाचा पिन टाकू नये. तसं केलं तर टपाल त्या दुसऱ्या गावच्या पोस्टात जाऊन पडेल.

शिवाय पिन आला १९७२ मध्ये. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये, वाशीम १९९८ मध्ये, गोंदिया १९९९ मध्ये. नवा जिल्हा झाला म्हणून पिन बदलले नाहीत, आणि ते बरंच झालं. छत्तीसगड २००० मध्ये वेगळं राज्य झालं तरी त्याचा ४ तसाच राहिला.

## दहा गावांना एकच पिन, हा अन्याय नाही का?

देशात पिन कोड सुमारे १९ हजार आहेत आणि गावं सहा लाखांवर. म्हणजे सरासरीने एका पिनखाली तीसहून अधिक गावं येतात. हे कसं चालतं ते समजायला पोस्टाची उतरंड पाहावी लागेल. जिल्ह्याच्या किंवा मोठ्या गावी मुख्य डाकघर, त्याखाली तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी उपडाकघर, आणि त्याखाली खेड्यातली शाखा डाकघरं. पिन असतो तो साधारणपणे उपडाकघराला. त्याच्या शाखांना तोच पिन लागू होतो.

उपडाकघरात थैली उघडली की पुढची विभागणी पुन्हा नावानेच होते. शाखेची थैली सायकलवर, मोटरसायकलवर नाही तर एसटीने गावी जाते, तिथे डाक सेवक ती उघडतो, शिक्का मारतो आणि वाटायला निघतो. एका शाखेकडे बहुधा चार-पाच गावं असतात.

प्रत्येक गावाला वेगळा पिन द्यायला अंक पुरले असते. पण वर छाननी करणाऱ्याला त्याने काही मदत झाली नसती, उलट खण वाढले असते. शेवटच्या टप्प्यावर अंकांची गरज नव्हती कारण तिथे माणूस होता. कोणाचं घर कोणतं, कोण मुलाकडे पुण्याला गेलं आहे, एकाच नावाच्या दोघांपैकी पेन्शनचा कागद कोणाचा, हे त्याला ठाऊक. आपल्या खेड्यातल्या घरांना क्रमांक नाहीत, गल्ल्यांना नावं नाहीत, आणि तरीही टपाल पोहोचत आलं ते या माहितीवर.

या माणसाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ग्रामीण डाक सेवक हा खात्याचा पूर्णवेळ कर्मचारी धरला जात नाही. कामाचे तास चार-पाच, आणि उपजीविकेचं दुसरं साधन असावं ही जुनी अट. पोस्टाची जागाही बऱ्याचदा त्यालाच पाहावी लागते. आज हाच माणूस मोबाइल यंत्रावर अंगठा घेऊन निराधार योजनेचे पैसे घरी देतो, आधारला जोडलेली बँक चालवतो, विमा करतो. मेळघाटात किंवा भामरागडकडे नेटवर्क नसेल तर ते मिळेल तिथवर जाऊन काम पुरं करतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद पडत आला आहे, तेव्हा सहा अंक काय करणार? मला वाटतं, आपण टपालाच्या क्रमांकांवर जितकं बोलतो त्याच्या निम्मंही या माणसांच्या कामाच्या अटींवर बोलत नाही.

## आता पत्रं कोण लिहितं?

घरगुती पत्रं कमी झाली हे खरं. पण बँकेचं कार्ड, पासपोर्ट, न्यायालयाची नोटीस, विम्याचा कागद आणि ऑनलाइन मागवलेली वस्तू हे सगळं पत्त्यावरच येतं, आणि पत्ता पिनवर तपासला जातो. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल म्हणजे रजिस्टर आणि स्पीड पोस्ट यांची सेवा एकत्र केली आहे. त्यामुळे पोस्टाच्या खिडकीवर जुन्या सवयीने ‘रजिस्टर करायचंय’ म्हटलं तर स्पीड पोस्टमधलीच नोंदणीची सोय दिली जाते.

‘तुमच्या पिनवर सेवा उपलब्ध नाही’ हे वाक्य मात्र पोस्टाचं नाही. खासगी कुरियर आणि विक्री कंपन्या पिनच्या याद्या करून कुठे जायचं, कुठे नाही हे ठरवतात. एका पिनखालचं तालुक्याचं गाव सोयीचं आणि तीस किलोमीटरवरचं आदिवासी गाव गैरसोयीचं असलं, तर कधी दोघांनाही नकार मिळतो, कधी सामान तालुक्यावरच थांबतं. टपाल वाटण्यासाठी काढलेला क्रमांक अशा रीतीने लोकांना वगळण्याच्या कामी येतो, हे मला खटकतं.

## डिजिपिन म्हणजे नेमकं काय?

डिजिपिन टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने तयार केला. तो पोस्टाचा क्रमांक नाही, जमिनीच्या तुकड्याचा आहे.

वडिलोपार्जित वावराच्या हिस्सेवाटणीसारखं समजा. आजोबाच्या वावराचे मुलांत वाटे पडले, मुलांच्या वाट्याचे नातवांत, आणि प्रत्येक वेळी धुरे म्हणजे बांध पडत गेले. डिजिपिनमध्ये सगळ्या भारतावर साधारण चार हजार किलोमीटर बाजूचा चौकोन टाकला आहे. त्याचे सोळा सारखे वाटे, प्रत्येकाला एक अक्षर किंवा अंक. त्या वाट्याचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा. सहाव्या अक्षरापर्यंत चौकोनाची बाजू साधारण एक किलोमीटर होते, म्हणजे एखादं लहान गाव. दहाव्याला ती चार मीटरच्या जवळपास येते, म्हणजे घरातली एक खोली.

यात जिल्हा, तालुका, पोस्ट काहीच नाही. फक्त अक्षांश-रेखांश आहेत. म्हणून वाटणीच्या रेषा आपल्या ओळखीच्या सीमा पाळत नाहीत. पहिलीच एक रेषा साडेवीस अक्षांशावरून, विदर्भाच्या मधून जाते. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, भंडारा, गोंदिया या शहरांचा डिजिपिन ३ ने सुरू होतो, अगदी दिल्लीसारखा. यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर आणि गडचिरोली या शहरांचा ४ ने, मुंबईसारखा. त्यातून काही अर्थ काढू नये, ही निव्वळ भूमिती आहे.

जुना पिन रद्द होणार का? नाही. डिजिपिन त्याच्या जोडीला आहे. कागदपत्रं बदलण्याची गरज नाही.

आपली माहिती उघड होईल का? त्या दहा अक्षरांत नाव, फोन, मालकी असं काहीच नसतं. पण आपण तो आपल्या नावासोबत कोणाला दिला, तर घराची जागा चार मीटरपर्यंत त्याला कळली. म्हणून अनोळखी माणसाला तो देताना विचार करावा.

आपल्याला त्याचा उपयोग काय? इथे मला खरंच आशा वाटते. यवतमाळकडची कोलामांची वस्ती म्हणजे पोड, बंजारा तांडा, मेळघाटातला ढाना, गोंदिया-गडचिरोलीतला टोला, वावरातलं एकटं घर, यांना पत्ता सांगता येत नाही. ‘नाल्याच्या पलीकडे, मोहाच्या झाडाजवळ’ हे डाक सेवकाला समजतं, रुग्णवाहिकेच्या चालकाला समजत नाही. साप चावलेल्या माणसाच्या घरी पोहोचायला अशा चार मीटरच्या खुणेने वेळ वाचू शकतो.

पण दोन मर्यादा सांगायलाच हव्यात. डिजिपिन जागा सांगतो, वाट सांगत नाही. मध्ये नाला आहे, पांदण चिखलाने बंद आहे, हे त्याला कळत नाही. आणि त्यातली अक्षरं रोमन लिपीतली आहेत. फक्त मराठी वाचणाऱ्या म्हातारीला ती पाठ करणं किंवा फोनवर सांगणं अवघड जाईल. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत यांनी आपापल्या दर्शनी भिंतीवर डिजिपिन मोठ्या अक्षरात रंगवून ठेवला, तर निदान संकटाच्या वेळी गावातला कोणीही तो वाचून दाखवू शकेल.

## पत्ता लिहिताना

‘मु. पो.’ एकत्र लिहायची आपल्याला सवय आहे. ते तिथेच बरोबर, जिथे गावातच पोस्ट आहे. नसेल तर ‘मु.’ पुढे आपलं गाव आणि ‘पो.’ पुढे शाखा डाकघराचं गाव वेगळं लिहा. टोला, पोड किंवा तांडा असेल तर त्याचं नाव गावाच्याही आधी. मग तालुका, जिल्हा, आणि शेवटी पिन. पिनची खात्री नसेल तर गावच्या डाक सेवकाला विचारा, किंवा टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाहा. शेजाऱ्याच्या आधार कार्डावरून उतरवू नका, त्याचा चुकलेला असू शकतो. ज्याला पत्र पोहोचवायचं त्याचा मोबाइल क्रमांक लिहा. डिजिपिन द्यायचा असेल तर तो मोकळ्या अंगणात उभं राहून काढा, कारण पत्र्याखाली आणि दाट झाडीत फोनला जागा नीट सापडत नाही. आणि तो पिनच्या खाली स्वतंत्र ओळीत लिहा, पिनच्या जागी नाही.